दोन कॅरॅव्हॅनचं घर

"कापू का?" दगडूने पुन्हा विचारलं. ग्राइंडर सुरू करून त्याने तो परत बंद केला होता. "मागनं माझ्या नावानं खडे फोडायचे नाहीत हां, मुश्ताकभाई. आमाला भिंतीला खिळा ठोकू देत नाय तुमी, आणि आता आख्खी भिंत काढायला सांगताय."

"काप," मुश्ताक पेवेकर म्हणाला.

वेल्डर दगडूला संशय येणं साहजिक होतं. आखातात फुजैरामागच्या काळ्या डोंगरांत कंपनीची दगडखाण होती, खाणीखाली क्रशर आणि क्रशरच्या अलीकडे कॅरॅव्हॅनची रांग. खाली लोखंडी तुळया, वर लाकडी सांगाडा, त्याला बाहेरून पत्रा आणि आतून प्लायवूड, एक दार, एक खिडकी, एक एसी. झाली कॅरॅव्हॅन. माणसांसाठी घरं बांधली तर काम संपल्यावर ती उचलून नेता येत नाहीत, म्हणून कंपनी घरांच्या भानगडीत पडली नव्हती. काम जिकडे जाईल तिकडे हे डबे ट्रेलरवर चढत आणि माणसं बसमधून त्यांच्या मागे जात. काल ज्या खिडकीतून समुद्र दिसत होता त्याच खिडकीतून आज डोंगर दिसे. बिछाना तोच, शेजारी तोच, घोरणारा तोच. शारजा, अल ऐन, जबल अली असं करत सगळा बाडबिस्तरा फुजैराला येऊन टेकला होता.

हे डबे उचलायचं काम मुश्ताकचं. तो रिगर होता. क्रेनच्या हुकाला दोर लावायचे, खाली उभं राहून हाताने इशारे करायचे, नव्या जागी डबा सिमेंटच्या ठोकळ्यांवर टेकवून पाणसळीने सरळ करायचा. उचलताना चार कोपऱ्यांचे दोर वर एकाच हुकाला जातात आणि जाताजाता छपराला दोन्ही अंगांनी आत दाबतात. तो दाब भिंती सोसतात. भिंत नसेल तर डबा पुठ्ठ्याच्या खोक्यासारखा मिटतो. म्हणून मुश्ताक कोणाला फळी मारू देत नसे, आरसा टांगू देत नसे. सुट्टीच्या दिवशी तो हातोडी घेऊन खोल्याखोल्यांतून फिरे आणि लोकांनी हौसेने ठोकलेले खुंटे उपटून काढी. एका मलबारी फिटरने छताला पोपटाचा पिंजरा टांगला होता. मुश्ताकने तो हुकासकट ओढून बाहेर ठेवला. पोपट वाचला, मैत्री गेली. कॅम्पात त्याला फारसं कोणी हसून बोलत नसे आणि त्याचं त्यालाही काही वाटत नसे.

आता तोच माणूस दोन कॅरॅव्हॅन शेजारी शेजारी चिकटवून मधल्या भिंती काढत होता. कारण त्याची बायको बदरुन्निसा येणार होती.

श्रीवर्धनजवळच्या गावात मुश्ताकचं दोन मजली घर होतं. गच्चीला स्टीलचे कठडे, जिन्याला संगमरवर, न्हाणीघरात गरम पाण्याचा नळ. गल्फमध्ये गेलेल्या प्रत्येकाचं असतं तसंच. त्यातल्या एका खोलीत बदरुन्निसा राही आणि बाकीच्यांना कुलपं. सासूचं करण्यात तिची उमेद गेली, मग सासू गेली. पाठोपाठ एकुलती मुलगी अलिशा लग्न होऊन सासरी गेली. मागच्या सुट्टीत मुश्ताक निघायच्या आदल्या दिवशी ती जिन्यावर बसून म्हणाली होती, "येवढं घर बांधलंत, आणि तुमी त्यात पावने. मला कुलपांची राखणदार केलीत. मला तिकडं घेऊन चला. पत्र्यात राहीन."

हे त्याने उल्हास साहेबांना सांगितलं. उल्हास साहेब साइटचे इंजिनिअर, मूळचे डोंबिवलीचे, बायको-मुलगी दुबईत करामाला. मुश्ताकशी ते मराठीत बोलत आणि त्याला अहो-जाहो करत, याचं मुश्ताकला फार अप्रूप होतं. साहेब म्हणाले, "अहो मुश्ताकभाई, त्यात काय. आत्ता व्हिजिट व्हिसावर आणा. दोन रिकाम्या कॅरॅव्हॅन घ्या, मधली भिंत उडवा. सलग जागा दिसली की मी हेड ऑफिसला फॅमिली क्वार्टर म्हणून दाखवतो. मग वहिनींचा पर्मनंट व्हिसा झालाच समजा."

मुश्ताकने विचारलं, आणि शिफ्टिंग आलं तर?

"कसलं शिफ्टिंग? हा डोंगर संपायला दहा वर्षं लागतील. टेन्शन घेऊ नका."

सगळ्या कॅम्पाला खिळ्यावरून धारेवर धरणारा माणूस या एका वाक्यावर विसंबला. त्याला दुसरं काही ऐकायचंच नव्हतं. दगडूने भिंत कापली, जोडावर पत्रा वेल्ड केला, मुश्ताकने जमिनीवर लिनोलियम अंथरलं, आणि संध्याकाळपर्यंत कॅम्पाने त्या घराचं नाव ताजमहाल ठेवलं.

बदरुन्निसा आली ती उजवं पाऊल आत टाकून बिस्मिल्ला म्हणत. दोन पावलं चालली आणि थांबली. कॅरॅव्हॅनची जमीन चालताना हलते. एक जण कूस वळला की सगळ्यांना कळतं. तिचा बाप तांडेल होता. ती हसत म्हणाली, "होडीत चालल्यासारखं वाटतंय." मग तिने भिंतीवर पेन्सिलीने काढलेले बाण पाहिले. एक दाराकडे, एक एसीकडे, एक कोपऱ्यात. प्रत्येक नव्या जागी डबा वेगळ्या तोंडाने बसे, आणि नमाजाची दिशा मुश्ताक नव्याने काढून बाणाखाली गावाचं नाव लिही. यातला खरा कुठला, तिने विचारलं. ज्याच्या खाली फुजैरा लिहिलंय तो, मुश्ताक म्हणाला. तिने बाकीचे बाण ओल्या फडक्याने पुसायला घेतले. ते पुसले गेले नाहीत.

पुढचे दिवस चांगले गेले. मुश्ताक दुपारी क्रशरवरून येई तेव्हा तव्यावर तांदळाची भाकरी असे. पायरीशी तेलाच्या रिकाम्या डब्यात पुदिना लागला. लग्नाला बावीस वर्षं झाल्यावर त्याला कळलं की बायको घोरते, आणि हे कळल्याचा त्याला इतका आनंद झाला की ते त्याने दगडूला सांगितलं. दगडूने ते कॅम्पाला सांगितलं. लोक हसले. मुश्ताकही हसला, आणि त्या आठवड्यात तो हातोडी घेऊन फिरला नाही.

एका शुक्रवारी उल्हास साहेब घरच्यांना घेऊन जेवायला आले. बदरुन्निसाने सुरमई तळली, सांदणं केली. साहेबांची बायको उर्मिला सगळीकडे फिरून फोटो काढत होती. "किती कोझी आहे ना, उल्हास? आपण उगाच पसारा वाढवून बसतो. लाइफ असंच सिंपल पाहिजे." त्यांची मुलगी मिहिका पलंगावर उड्या मारून जमीन हलवत होती आणि म्हणत होती, "बाबा, इट्स लाइक अ डॉलहाऊस." बदरुन्निसाला इंग्रजी कळत नव्हतं. मुश्ताकने तिला सांगितलं की पोरीला घर आवडलं. जाताना उर्मिलाने सांदणांची कृती विचारली, मग म्हणाली, त्यापेक्षा मिहिकाच्या बर्थडेला तुम्हीच या ना वहिनी.

पर्मनंट व्हिसाचं काय झालं, हे मुश्ताकने साहेबांना गाडीपाशी हळूच विचारलं. होईल, इन्शाल्ला, साहेब म्हणाले. आखातात एवढी वर्षं काढलेल्या माणसाला इन्शाल्लाचे किती अर्थ होतात हे ठाऊक असतं. मुश्ताकने त्यातला चांगला तेवढा घेतला.

मग खाणीचं काम दुसऱ्या कंपनीला गेलं. डोंगर संपला नव्हता, करार संपला होता. कॅम्प रुवैसला हलणार, अबुधाबीच्या पार पश्चिमेला, वाळवंटाच्या टोकाशी. ही बातमी कॅम्पाला चहाच्या टपरीवर कळली आणि मुश्ताककडे सगळ्यांनी एकदमच पाहिलं.

तो तडक साहेबांकडे गेला. त्याचं मागणं मोठं नव्हतं. दोन दिवस आणि थोडं लाकूड. कापलेल्या जागी आतून खांब मारून, तिरके टेकू देऊन प्लायवूड ठोकलं की भिंत पूर्वीची नाही तरी उचलण्यापुरती होईल. घर शाबूत पोचलं तर तिकडेही क्वार्टर म्हणून दाखवता येईल. तुटलं तर बदरुन्निसाला ठेवायची जागाच राहणार नाही, आणि तिचा व्हिजिट व्हिसा संपत आला होता.

साहेबांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "शनिवारी क्रेन येईल. गुरुवार-शुक्रवार तुमचे. आणि एक करा, वहिनींना उद्या माझ्याबरोबर करामाला पाठवा. मिहिकाचा बर्थडे आहे, उर्मिलाला मदत होईल. इथे धुळीत त्या कुठे बसतील?"

मुश्ताकला हे फार मायेचं वाटलं. घरी येऊन त्याने बदरुन्निसाला तसंच सांगितलं. ती निघायच्या तयारीला लागली, पण आधी तिने सुतळी घेतली आणि जिथून भिंत काढली होती ती जागा या टोकापासून त्या टोकापर्यंत मापली.

"हितं पडदा पायजे," ती म्हणाली. "पलंग दिसतो आल्यागेल्याला. दुबईत मीना बाजारात कापड बघते. नव्या गावात लावू." तिने सुतळीला गाठ मारली आणि ती बटव्यात ठेवली. बुधवारी दुपारी ती साहेबांच्या गाडीत मागच्या सीटवर बसली आणि काचेतून हात हलवत गेली.

गुरुवारी सकाळी मुश्ताक लाकूड घेऊन आला तर क्रेन उभी होती.

ट्रेलरही होते आणि हेड ऑफिसचा मोठा साहेबही होता. क्रेन शनिवारी मिळत नव्हती म्हणून आज बोलावली, असं कोणीतरी म्हणालं. रांगेतले डबे एकेक करून उचलले जाऊ लागले. मुश्ताकने इशारे केले. हात सवयीने चालत होते. मधल्या वेळात तो धावत जाऊन घरात एखादा खांब ठोकून येई, तेवढ्यात पुन्हा हाक येई. असे त्याने मोजून दोन खांब उभे केले. पलीकडच्या ट्रेलरच्या केबिनमधून पिंजऱ्यासकट पोपट गेला. फिटरने पिंजरा मांडीवर घेतला होता, आणि तो मुश्ताककडे बघत होता.

शेवटी त्याचंच घर उरलं. तो उल्हास साहेबांपाशी गेला. "साहेब, आजचा दिवस थांबा. ट्रेलर उद्या घ्या. मी रात्रभर काम करून ठोकून घेतो."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. क्रेन दुपारच्या आत दुसऱ्या कामावर दिब्बाला पोचायची होती. "पेवेकर, आता नाही जमणार." मुश्ताकभाईचा पेवेकर कधी झाला हे साहेबांच्याही लक्षात आलं नसावं.

इतक्यात मोठा साहेब घरात डोकावून आला. भिंत कुठे गेली, त्याने इंग्रजीत विचारलं. कोणी कापली?

उल्हास साहेबांनी चष्मा काढून रुमालाने पुसला. मग इंग्रजीतच म्हणाले, "ही डिड इट ऑन हिज ओन, सर. विदाउट एनी परमिशन."

तेवढं इंग्रजी मुश्ताकला येत होतं. तो साहेबांकडे पाहत राहिला. एवढ्या वर्षांत इतका अपमान त्याचा कोणी केला नव्हता. त्याला वाटलं आता हे मराठीत काहीतरी म्हणतील. साहेब म्हणालेही, जरा बाजूला येऊन, खालच्या आवाजात: "समजून घ्या. माझीही नोकरी आहे."

क्रेनवर दौलत खान होता. पेशावरकडचा पठाण, जबल अलीपासून मुश्ताकच्या हाताच्या इशाऱ्यावर क्रेन चालवणारा. तो केबिनमधून वाकून म्हणाला, "मुश्ताक भाई, मैं नहीं उठाता. बोलो तो बोल देता हूँ, क्रेन ख़राब हो गया."

मुश्ताकने नकारार्थी मान हलवली. दौलतने नकार दिला तर दौलत घरी जाईल आणि क्रेनवर दुसरा कोणी बसेल. तो हिसका देऊन उचलेल. आपणच उचललं, अगदी हळू उचललं, तर कदाचित तगेल. दोन खांब आहेत. जोडाचा पत्रा दगडूने सकाळीच कापून घर पुन्हा दोन डब्यांत वेगळं केलं होतं. मुश्ताकने आत जाऊन बदरुन्निसाची बॅग बाहेर आणली, पुदिन्याचा डबा उचलून सावलीत ठेवला, आणि पहिल्या डब्याला स्वतःच्या हाताने दोर लावले.

मग तो समोर उभा राहिला. सगळा कॅम्प बघत होता. ज्यांचे खुंटे त्याने उपटले होते ते पुढे होते. त्याने बोट वर केलं आणि अगदी सावकाश फिरवलं. उचल.

दोर ताणले. डबा ठोकळ्यांवरून सुटला. हातभर वर आला आणि तसाच राहिला. मुश्ताकच्या तोंडून अल्हम्दुलिल्ला निघालं. मग आत एक खांब सुटल्याचा आवाज झाला, मग दुसरा. छप्पर मधोमध खाली आलं, उघडी बाजू आत ओढली गेली, आणि खिडकीची काच फुटून वाळूत पडली. मुश्ताकने मूठ आवळली. थांब. दौलत खानने क्रेन थांबवली. मुश्ताकची मूठ तशीच वर होती. कोणीतरी हसलं.

दुसरा डबा उचलायची कोणी तसदी घेतली नाही. मोठ्या साहेबाने हात झटकला, खलास. खडी लोटायचा शॉवेल आला आणि त्याने दोन्ही डबे एकत्र लोटून ढीग केला. संध्याकाळपर्यंत त्या ढिगातलं चांगलं प्लायवूड माणसांनी वेचून नेलं. रुवैसला गेल्यावर प्रत्येक खोलीत फळ्या लागल्या. एका फळीवर पेन्सिलीचा बाण होता, खाली फुजैरा लिहिलेलं. फळी उभी ठोकल्यामुळे तो आता छताकडे जात होता. मुश्ताकने ती पाहिली. काढली नाही.

या सगळ्या वेळात बदरुन्निसा करामाच्या फ्लॅटमध्ये सांदणं वाफवत होती. वाढदिवसाला बरीच माणसं होती. उर्मिलाने सगळ्यांना सांगितलं की ही आमची बदर भाभी, हिच्या हाताला काय चव आहे. बदर भाभी स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही, कारण तिला कोणी बोलावलं नाही. सगळे गेल्यावर भांडी घासताना तिला कळलं की रविवारचं तिकीट काढलं आहे. व्हिसा संपतोय ना, उर्मिला म्हणाली. उल्हासने सगळं अरेंज केलंय, तुम्ही काही काळजी करू नका.

मुश्ताक तिची बॅग घेऊन दुबईच्या एअरपोर्टवर आला. तिच्या बोटांना भांड्यांच्या साबणाने भेगा पडल्या होत्या. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि पहिला प्रश्न घराचा केला. "नीट उचललंत?"

"नीट," मुश्ताक म्हणाला. "एक खिळा हलला नाय."

"तिकडं बसवलं?"

"बसवलं. समुद्र दिसतो खिडकीतनं."

तिचा चेहरा उजळला. मग पुदिन्याला पाणी घाला, ती म्हणाली. आणि साहेबांना व्हिसाची आठवण करा, माणूस कामात विसरतो. मुश्ताक हो म्हणाला. ती आत गेली, तिने वळून पाहिलं, तेव्हा त्याने हात वर केला. त्याला तो हात खाली घेता येईना.

रुवैसला त्याला आठ जणांच्या खोलीत खालचा बंक मिळाला. वरती मलबारी फिटर आणि पोपट. पुदिना वाटेतच वाळला होता. दर शुक्रवारी तो कार्ड घेऊन फोनच्या रांगेत उभा राही आणि बदरुन्निसाला घराबद्दल सांगे. कधी नळ गळतो म्हणे, कधी पायरी नव्याने बसवली म्हणे. घर बोलण्यात वाढतच चाललं होतं. ती कुलपांच्या घरात बसून सगळं ऐके आणि मग म्हणे, व्हिसाचं? होईल, इन्शाल्ला, मुश्ताक म्हणे.

काही महिन्यांनी गावाकडचा रफिक सुट्टी संपवून आला. त्याने एक पार्सल दिलं. आत पडदा होता. मीना बाजारातलं कापड, हिरव्यावर बारीक पिवळी फुलं, बदरुन्निसाने गावी मशीनवर शिवलेला, वरून कड्या लावलेला, सुतळीच्या मापाचा.

शुक्रवारी तिने विचारलं, "मापात आला?"

"बरोब्बर आला," मुश्ताक म्हणाला. "इकडून तिकडं."

बंकात राहणारी माणसं आडोशाला चादरी टांगतात. मुश्ताकने दोरी ताणली आणि पडदा तिच्यात ओवायला घेतला. दोरी संपली तरी पडदा उरला. दगडू येऊन बघत राहिला. शेवटी तो खिशातून पान्यासोबत ठेवलेली कात्री काढत म्हणाला, "द्या हिकडं. बंकाच्या मापानं कापून देतो."

"नको," मुश्ताक म्हणाला. "कापू नको."

दगडू गेला. मुश्ताक पडद्याच्या आत शिरला, आणि उरलेल्या कापडाची नीट घडी घालून त्याने ती उशीखाली ठेवली.